विड्याची घडी

गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालची. त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला कागदी नोटा कायमच्या बंद झाल्या. आता एखाद्या पोराच्या हातात जुनी नोट दिली तर ते ती उजेडात धरतं, उलटीपालटी करतं आणि विचारतं, हिला चालू कुठून करायचं? त्याला कसं सांगावं, की ही चालू करावी लागत नसे. ही आपली आपण हिंडायची. एकीच्या कमरेच्या चंचीतून दुसरीच्या डब्यात, डब्यातून भाजीवालीच्या पोत्याखाली, आणि जाईल तिथला वास अंगाला लावून पुढच्या घरी. तंबाखूचा, हळदीचा, ओल्या मेथीचा.

उदगीरकडे त्या काळी पिण्याचं पाणी मशीनवर मिळायचं. चौकात निळ्या पत्र्याची टपरी, आत पाणी गाळायचं यंत्र, बाहेर तोटी आणि नोट घालायची फट. नोट आत गेली की जार भरायचा. लोक त्याला पाण्याचं एटीएम म्हणत. उदगीर, देवणी, निलंगा, औसा आणि पुढं देगलूर अशा गावांतली ही मशीनं बायकांच्या बचत गटांचा महासंघ चालवी आणि महासंघ चालवी जुलेखा शेख. बाई अंगानं बारीक, पण तिच्या आवाजानं बंद पडलेली मोटर सुरू होते, असं गटातल्या बायका म्हणत.

सरकारनं नोटा एका फटक्यात बंद केल्या नाहीत. आधी दहाची गेली, मग वीसची, मग पन्नासची. प्रत्येक वेळी मशीनला सांगावं लागे, की बाई, आता ही घेऊ नकोस. माणसाला तोंडानं सांगता येतं. मशीनच्या आत बसवलेल्या नोट ॲक्सेप्टरला सांगायचं तर त्याला संगणकाची तार जोडून नवा प्रोग्रॅम भरावा लागे. ॲक्सेप्टर जुने होते, ती सिरियल केबल बाजारात मिळायची बंद झाली होती, आणि ज्या कंपनीनं मशीनं विकली तिनं केव्हाच हात वर केले होते. म्हणून मृगाच्या सुमारास जुलेखा एक ॲक्सेप्टर पिशवीत घालून महानंदाच्या दारात आली.

महानंदा बिराजदार म्हणजे उदगीरच्या आयटीआयमधली इलेक्ट्रॉनिक्सची निवृत्त निदेशिका. सत्तरी जवळ आलेली, घरात एकटी. नवरा जाऊन जमाना झाला होता. मुलगी होती, पण ती अठरा वर्षांपूर्वी घरातून गेली ती परत आली नव्हती. जुलेखा तिला अक्का म्हणायची.

"अक्का, ह्याला एक तार करून दे. नाहीतर हा बाबा पाडव्यानंतरही नोटा खातच राहील, आणि गटाच्या बायका मला खातील."

महानंदानं आयटीआयच्या लिलावात घेतलेला जुना लॅपटॉप काढला. पाठीमागं नऊ टाचण्यांचं तोंड असलेला, आता कुणाकडे नसलेला. सोल्डरिंग गन तापवली. तार तशी साधी असते. एक पाठवायची, एक ऐकायची आणि तिसरी दोघांची जमीन एक करणारी, जिला ग्राउंड म्हणतात. जमीन एक नसेल तर कुणाचं बोलणं कुणाला कळत नाही. लॅपटॉप जरा चढ्या व्होल्टनं बोलतो, ॲक्सेप्टर पाचाच्या खालच्या आवाजात, म्हणून मध्ये एक दुभाषी चिप लागते. तिनं सगळं केलं, कथलाचे थेंब चकचकीत बसले, आणि जोडणी करून बघितली तर पडद्यावर काही नाही. ॲक्सेप्टरचा हिरवा दिवा नुसता लुकलुकत राहिला.

चूक लक्षात आली तेव्हा तिला हसू आलं. तिनं पाठवायची तार पाठवायच्या टाचणीलाच जोडली होती. याच चुकीसाठी तिनं पोरांना जन्मभर उभं केलं होतं. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानाला गेलं पाहिजे, म्हणून तारांची अदलाबदल करायची असते. लेक शिवलीला पाचवीत असताना शाळा सुटली की वर्कशॉपमध्ये येऊन बसायची. एकदा एका मोठ्या पोराची अशीच उलटी जोडणी बघून ती म्हणाली होती, "अव्वा, दोघंबी बोलायलेत. मग ऐकणार कोण?" सगळा वर्ग हसला होता. पुढं कित्येक वर्षं महानंदा ते वाक्य पोरांना आपलं म्हणून सांगायची.

तिनं तारा फिरवल्या. पडद्यावर अक्षरं धावायला लागली. जुलेखानं विचारलं, डोळ्यांत पाणी कशाचं? महानंदा म्हणाली, कथलाच्या धुराचं.

ती पहिली फेरी तिनं पाऊस जोर धरेपर्यंत केली. देवणी, निलंगा, मग घराजवळची दोन-तीन मशीनं. प्रत्येक ठिकाणी ॲक्सेप्टर चालतो का हे बघायला कमरेची एक नोट काढायची, मशीनला घालायची, मग तार जोडून प्रोग्रॅम भरायचा. औशाच्या वेळी तिला ताप आला, तेव्हा जुलेखा लॅपटॉप घेऊन गेली आणि फोनवर विचारत विचारत काम करून आली. देगलूरचं मशीन तेव्हा अजून महासंघात आलं नव्हतं.

आता त्या घडीविषयी सांगायला हवं.

महानंदाची आई बाजारात विड्याची पानं विकायची. सकाळपासून पानाला पान लावून विडे बांधणारा तो हात, नोटसुद्धा विड्यासारखीच दुमडायचा. आधी उभी अर्धी, मग तिरका कोपरा आत, मग उरलेली शेपटी त्या कोपऱ्यात खोचून टाकायची. अशी नोट चंचीत कितीही हलली तरी उलगडत नसे. महानंदा तेच शिकली. शिवलीलाही तेच शिकली, आजीच्या मांडीवर बसून. शेजारपाजारच्या बायका थट्टा करायच्या, यांच्या घरच्या नोटा खायच्या का चघळायच्या?

आणि नेमक्या त्या घडीनंच पुढचं सगळं झालं.

उमाकांत स्वामी हा महानंदाचा जुना विद्यार्थी. पुण्याला अशाच मशीनांचे प्रोग्रॅम लिहायचा. पन्नासची नोट बंद व्हायच्या वेळचा नवा प्रोग्रॅम त्यानं पाठवला आणि फोनवर समजावून सांगितलं. ॲक्सेप्टर नोट ओळखतो ती उजेडानं. दोन पट्ट्यांमधून नोट सरकते, वरून न दिसणारा तांबडा उजेड पडतो, खालचा डोळा तो किती झिरपला हे मोजतो. पण खोट्या नोटा करणारे शहाणे झाले होते. नवी नोट जुनी दिसावी म्हणून ते यंत्रानं तिला चुरगाळत. तेव्हा पुण्याच्या लोकांनी एक शोध लावला होता. नोटेचा कागद कापसाचा. घडी घातली की तिथले तंतू मोडतात आणि मोडलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत, इस्त्री फिरवली तरी. माणसाची घडी आणि यंत्राची घडी वेगळी दिसते. एवढंच नव्हे, माणसामाणसाची वेगळी. कोण अंगठ्यानं दाबतो, कोण नखानं, कोणाची रेघ डावीकडे झुकते. शिवाय सगळ्यात ताजी घडी उजेडात सगळ्यात जास्त चमकते, कारण तिच्यात अजून मळ भरलेला नसतो.

"म्हणजे सहीच की," महानंदा म्हणाली.

"सहीच, मॅडम. फक्त नाव नसलेली." आणि मग त्यानं सहज सांगितलं, की ॲक्सेप्टर शेवटच्या काही हजार नोटांच्या घड्या लक्षात ठेवतो. त्याच्यात घड्याळ नाही, कोणती कधी आली हे सांगत नाही. पण तार जोडली तर सगळ्या वाचता येतात, आणि एखादा नमुना शिकवला तर तशी घडी कुठं कुठं आली हेही कळतं.

फोन ठेवला तरी महानंदाचं ओट्यावर लक्ष नव्हतं. चहा उतू गेला.

त्यांच्याकडे, आणि त्या भागात पुष्कळ घरांत, मुलगी मामाच्या घरी द्यायची रीत. शिवलीला पाळण्यात असताना महानंदानं भावाला, बसवराजला, शब्द दिला होता. त्याचा मुलगा वाईट नव्हता. शिवलीलाचं म्हणणं एवढंच होतं, की मला विचारलं कुणी नाही. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दुपारभर दोघी बोलत होत्या. खरं म्हणजे दोघी एकाच वेळी बोलत होत्या. महानंदा म्हणत होती शब्द, भाऊ, गाव. शिवलीला काय म्हणत होती ते तिला नंतर कितीही आठवू म्हटलं तरी आठवलं नाही. आठवायला आधी ऐकलेलं असावं लागतं. सकाळी तिनं मुलीला पूजेची फुलं आणायला नोट दिली होती. संध्याकाळी मुलगी नव्हती, फुलं नव्हती, आणि देव्हाऱ्यात बसवण्णांच्या तसबिरीपुढं ती नोट होती. विड्यासारखी दुमडलेली.

भावानं दार बंद केलं ते कायमचं. महानंदानं मुलीचा शोध घेतला. पण पुढं ओळख-कुलपाचा कायदा आला. ज्याला कुणापासून लपायचं असेल त्यानं आपल्या नावाला त्या माणसापुरतं कुलूप लावायचं. मग पत्ता, फोटो, फोन, काही म्हणता काही त्याला सापडत नाही. शिवलीलानं आईपुरतं कुलूप लावलं. ते दर वर्षी पौषात नव्यानं लावावं लागे, आणि लावलं की महानंदाच्या फोनवर एक ओळ येई : ही व्यक्ती आपल्यासाठी उपलब्ध नाही. दुसरी कुणी असती तर रडली असती. महानंदा त्या दिवशी शिरा करायची. कुलूप लावायला हात लागतो, म्हणजे हात आहे, म्हणजे लेक आहे.

आणि कुलूप लावलेली माणसं नोटा वापरत. सगळं जग बोटाचा ठसा देऊन व्यवहार करत होतं तेव्हा नोटच तेवढी नाव विचारत नव्हती. पाडव्याला नोटा संपल्या, की शिवलीलाची ती शेवटची पाऊलवाटही बुजणार होती.

दुसऱ्या दिवशी महानंदा देव्हाऱ्यातली नोट घेऊन चौकातल्या मशीनकडे गेली. अठरा वर्षं तिनं ती उलगडली नव्हती. आता उलगडल्याशिवाय मशीनला शिकवता येणार नव्हतं. खोचलेली शेपटी सोडवायला तिनं इतका वेळ लावला की जुलेखा म्हणाली, आण इकडं. तिनं दिली नाही. नोट उघडली, आत फुलं-अक्षतांचा वास असेल असं तिला का वाटलं होतं कोण जाणे. काही नव्हतं. तार जोडून तिनं नोट फटीत घातली. ॲक्सेप्टरनं ती ओढली, थांबला आणि बाहेर ढकलली. नमुना अपुरा, पुन्हा घाला. कागद आखडला होता. लॅपटॉप पुन्हा तयार व्हायला वेळ लागत होता, तोवर महानंदा नोट हातात घेऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली. कुणाची तरी मुलगी सायकलवरून चालली होती. बोटांनी जन्मभराच्या सवयीनं आपलं काम केलं. मशीननं खूण दिली तेव्हा तिनं हातातली घडी उलगडली आणि नोट पुन्हा आत सरकवली. नमुना नोंदला.

मग दुसरी फेरी निघाली. देवणीच्या मशीनला तार लावली आणि पडद्यावर ओळ उमटली : नमुन्याशी जुळणारी घडी सापडली. महानंदा टपरीच्या पायरीवर खाली बसली. निलंग्यातही सापडली. ती एसटीच्या खिडकीशी बसून बोलत राहिली, जुलेखा ऐकत राहिली. शिवू देवणीला कशाला आली असेल? नवऱ्याचं गाव असेल. नवरा असेल का? निलंग्याला दवाखाना चांगला आहे, पोराबाळाला घेऊन आली असेल. तिच्या हातात एवढी सबंध लेक पहिल्यांदाच आली होती. ती तिला नटवत होती, साड्या नेसवत होती.

औशाला काही सापडलं नाही. परतीच्या वाटेवर जुलेखा बोटांवर काहीतरी मोजत होती. बसस्टँडवर चहा पिताना ती एकदम म्हणाली, "अक्का, एक विचारू? रागवू नको."

"विचार की."

"जिथं तू गेलतीस, तिथंच ती कशी सापडायलीय गं? औशाला मी गेलते. तिथं नाही."

महानंदानं कप खाली ठेवला. मशीन चालतं का बघायला कमरेची काढून घातलेली नोट तिला दिसली. प्रत्येक गावातली. आणि मग चौकातली ती सायकल दिसली, आपली रिकामी बोटं दिसली. सगळ्यात ताजी घडी सगळ्यात जास्त चमकते. मशीन शिवलीलाची घडी शिकलंच नव्हतं. ते तिची घडी शिकलं होतं. गावोगाव ती स्वतःलाच भेटत हिंडत होती. आणि देव्हाऱ्यातली ती एकच घडी, जी लेकीच्या हातची होती, तिच्यावर तिनं स्वतःची घडी घातली होती.

"परत एकदा मीच बोलले बघ," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं लॅपटॉप कपाटात टाकला. देगलूरला जायला ती तयार होईना. ते मशीन नुकतंच महासंघात आलेलं, अजून सगळ्या नोटा गिळत होतं. जुलेखानं आधी विनवलं, मग टोमणे मारले, मग सरळ रिक्षा दारात आणली. देगलूर दीड तासाचा रस्ता. महानंदा त्या गावात जन्मात उतरली नव्हती. तिनं तार जोडली, बंद झालेल्या नोटा न घेण्याचा प्रोग्रॅम भरला, आणि जुना नमुना अजून लॅपटॉपमध्ये असल्यामुळं तो आपोआप फिरला. पडद्यावर ओळ आली.

जुळणारी घडी सापडली. एकदा नव्हे, पुष्कळदा. जुळणी पुरी नव्हती, थोडी उणी होती.

महानंदानं तिथूनच उमाकांतला फोन लावला. त्यानं त्या रेघा मागवून घेतल्या, बघितल्या. "मॅडम, घडी तीच आहे. उभी, तिरकी, शेपटी. पण अंगठा तुमचा नाही." मग तो म्हणाला, "ही घडी शिकवल्याशिवाय कुणाला येणार नाही."

टपरीसमोर एक सायकलचं दुकान होतं, दुकानापुढं बाकडं. जुलेखानं त्या बाकड्याकडे बोट दाखवलं. इथं बस, म्हणाली. आज नाही तर उद्या येईल, पाणी कुणाला सुटलंय? हवं तर माझा बुरखा घाल, तिला कळणारसुद्धा नाही.

महानंदा बसलीही. रस्त्यानं जार घेऊन येणारी प्रत्येक बाई तिनं बघितली. अठरा वर्षांनी चेहरा कसा झाला असेल? रुंद झाला असेल, आजीवर गेला असेल. मग एक बाई वळणावरून येताना दिसली, चाल ओळखीची वाटली, आणि महानंदा झटकन उठून पाठ करून उभी राहिली. बाई गेली. ती दुसरीच कुणीतरी होती.

"अशी काय करायलीस?" जुलेखा चिडली. "इतकी वर्षं देवाला कौल लावलास. आता देवानं दिला तर पाठ फिरवायलीस."

"तिनं कुलूप लावलंय, जुलेखा. दर साली लावते. दार वाजवून उघडलं नाही म्हणून मी खिडकीतून शिरू का? मग तेव्हाच्यात न् आत्ताच्यात काय फरक?"

"मग करतेस काय? पाडवा आला."

महानंदानं मांडीवरची तार बघितली. आजवर ती हिच्यातून फक्त वाचत आली होती. मशीनच्या मनातलं काढून घेत आली होती. पण तारा दोन होत्या. एक घ्यायची आणि एक पाठवायची.

मशीनच्या कपाळावर लाल अक्षरांची एक पट्टी होती. तिच्यावर 'जार नीट लावा' आणि 'नोट सरळ करा' एवढंच यायचं. महानंदानं प्रोग्रॅममध्ये एक अट घातली. विड्याची घडी आली की पट्टीवर वेगळी ओळ दाखवायची. बाकी कुणाला नाही. ओळ काय लिहावी यावर ती अर्धा दिवस बसली. पट्टी लहान, आणि सांगायचं अठरा वर्षांचं. घर तसंच आहे. मामा वारला. तुझी खाट मी हलवली नाही. लिहायची आणि पुसायची. शेवटी तिनं लिहिलं : शिवू, आता मी ऐकायले. अव्वा.

कमरेची नोट काढून तिनं ओळ येते का बघितलं. लाल अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत गेली. जुलेखानं तोंड फिरवून नाक पुसलं आणि म्हणाली, देगलूरला धूळ फार.

महानंदा पुन्हा देगलूरला गेली ती पाडव्याच्या आदल्या दिवशी, ॲक्सेप्टर काढून आणायला. मशीनला आता बोटाचा ठसा घेणारी काच बसणार होती. ॲक्सेप्टर मोकळा करण्याआधी तिनं शेवटची तार लावली.

घडी आली होती. रेघ हलकी, कोपरा जरा वाकडा, दाब अर्धामुर्धा. नोट आत गेली होती, आणि कुणीतरी 'परत'चं बटण दाबून ती बाहेर काढली होती. त्यानंतर बऱ्याच परक्या नोटा. मग तीच नोट, मळाच्या त्याच खुणा, पण आता वर दुसऱ्या हाताची घडी. घट्ट, नीटस, शेपटी पुरती खोचलेली. आत गेली, परत. पुन्हा आत, परत. पुन्हा. पुन्हा. पाणी एकदाही घेतलेलं नव्हतं. कुणीतरी टपरीपुढं उभं राहून ती एक ओळ वाचत होतं, संपली की पुन्हा नोट घालून वाचत होतं.

उमाकांतला विचारलं तेव्हा तो म्हणाला, पहिला हात लहान मुलाचा दिसतो, मॅडम. मुलीचा असेल.

महानंदा तो ॲक्सेप्टर मांडीवर घेऊन एसटीत बसली. तो जड होता, आणि थंडी नव्हती तरी तिनं त्याच्यावर पदर घातला.

पाडवा झाला. नोटा गेल्या. वाट बघायला आता तिच्याकडे काही यंत्रही नव्हतं. वेळ अमावस्या आली, तिकडचे लोक त्या दिवशी शेतात कडब्याची खोप करून पांडवं पुजतात आणि आंबील पितात. जुलेखाच्या शेतातल्या खोपीत महानंदा पाहुणी होती. मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीची उंडी वाढून झाली, आंबिलीचा पेला हातात आला, आणि फोनवर ओळ उमटली. ही तीच पौषाच्या तोंडावरची तारीख. पण ओळ ती नव्हती. या व्यक्तीच्या कुलपाची मुदत संपली आहे. नूतनीकरण झालेले नाही.

जुलेखानं ती मोठ्यांदा वाचली आणि मध्येच थांबली. दोघींनाही एकच गोष्ट सुचली होती. कुलूप उघडतं ते दोन कारणांनी. एक तर कुणी किल्ली फिरवली, किंवा फिरवणारं कुणी उरलं नाही. खाली नंबर होता. अठरा वर्षांत पहिल्यांदा, उघडा, साधा नंबर.

"लाव ना गं," जुलेखा म्हणाली. तिच्या आवाजात जोर नव्हता.

महानंदानं पेला खाली ठेवला. नंबरावर बोट नेलं आणि थांबवलं. आपण काय लिहिलं होतं ते तिला आठवलं. ऐकणाऱ्यानं आधी बोलू नये. पण पलीकडे कुणी नसेलच तर? तो दिवस तिनं कसा काढला हे तिलाच ठाऊक. खोपीतली माणसं शिवारात चर शिंपायला, म्हणजे पिकावर आंबील शिंपडायला गेली, 'ओलगे सालम पलगे' असा रीतीचा पुकारा करत. ती फोन पुढ्यात ठेवून कडब्याला टेकून बसली. ऊन कलायला लागलं तेव्हा फोन वाजला.

तिनं उचलला आणि कानाला लावला. एरवी कुणाचाही फोन आला तरी आधी हिचाच आवाज. आज तिनं ओठ मिटून घेतले. पलीकडूनही काही नाही. कुणीतरी श्वास घेतंय एवढं ऐकू आलं, दूर कुठंतरी पाण्याचा जार टेकल्याचा आवाज आला.

"अव्वा," पलीकडून आवाज आला, "ऐकायलीस का?"

"ऐकायले," महानंदा म्हणाली. "बोल."

शिवलीला बोलली. सूर्य मावळेपर्यंत बोलली. महानंदानं मध्ये हूंसुद्धा केलं नाही, आणि काय बोलणं झालं ते तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही, जुलेखालाही नाही.

पुढं काय काय झालं ते सांगते. शिवलीला लगेच आली नाही. फोन यायचा दर सोमवारी, आणि त्यातही काही सोमवार चुकायचे. ती आली दोन वर्षांनी, नवऱ्याला आणि मुलीला घेऊन. नवरा दिगंबर, देगलूरला बोअरच्या मोटरी दुरुस्त करणारा, सासूपुढं इतका लाजला की त्यानं जेवताना तीनदा पाणीच मागितलं. मामाच्या मुलाचं लग्न कधीच झालं होतं, त्याला मोठाली मुलं होती, आणि शिवलीलाला बघून तो म्हणाला, तू गेलीस म्हणून मला चांगली मिळाली. उमाकांतनं घड्या ओळखायची ती सगळी विद्या पुढं कापडाच्या गिरणीला विकली. जुलेखा महासंघाची अध्यक्ष राहिली ती शेवटपर्यंत, आणि आपण बोललो नसतो तर अक्का अजून स्वतःच्याच मागं हिंडत राहिली असती, हे ती लग्नाकार्यात सांगायची.

महानंदाला लेक मिळाली, पण अठरा वर्षं मिळाली नाहीत. ती कुठल्या तारेनं परत येत नाहीत. म्हातारपणी ती पुष्कळदा तो देगलूरचा ॲक्सेप्टर कपाटातून काढायची. वीज नसलेला, मुका. त्याच्या फटीवरून बोट फिरवायची आणि ठेवून द्यायची. ती गेली तेव्हा देव्हाऱ्यात ती नोट होती, उघडी, तिच्यावरच्या दोन्ही घड्या एकमेकींवर बसलेल्या. कुठली कुणाची ते सांगणारं यंत्र तेव्हा कुठंच उरलं नव्हतं.

नात शाल्मली. तिच्या हातात पुढं कधी नोट आली नाही. पण गोड गोळी खाल्ली की तिचं बोट आपोआप गोळीचा कागद उभा दुमडतं, कोपरा तिरका आत घेतं, आणि शेपटी खोचून टाकतं. तिच्या पिशवीच्या तळाशी असे पुष्कळ विडे सापडतात. शिवलीला रागावते, कचरा म्हणते. टाकत मात्र नाही.